पावणेतीन फूट

९ नोव्हेंबर, रविवार

माझ्या कोच पूर्णिमा मॅडमचा हुकूम आहे की रोजचा सराव लिहून ठेवायचा. तो मी फोनवर लिहिते आणि त्यांना पाठवते. त्यात "आज अंग हलकं वाटलं", "उद्या अजून मेहनत घेईन" असली सोज्वळ वाक्यं असतात. खरं बोलायला ही वही काढली आहे. मॅडम, चुकून तुमच्या हातात पडली तर मिटवा आणि मुकाट्यानं परत द्या.

तर खरं असं. ऑगस्टमध्ये साताऱ्याला मी पडले. शंभर मीटर हर्डल्स, दहा अडथळे. पहिल्यालाच माझा पाय अडकला आणि बाकीचे नऊ बिचारे माझी वाट बघत उभे राहिले. गळ्याजवळचं हाड मोडलं, हनुवटीला टाके पडले. पप्पा कठड्यावरून उडी मारून मला उचलायला धावले आणि पंच त्यांच्यामागं ओरडत धावले. त्या दिवशीची बघण्यासारखी शर्यत तेवढीच झाली म्हणे.

पडायचं कारण साधं आहे. अठरा वर्षांखालच्या मुलींचं हर्डल अडीच फुटांचं असतं, त्यावरच्या गटाचं पावणेतीन. वाढ किती, तर आडव्या धरलेल्या चार बोटांएवढी. मी मोठी झाले, गट बदलला आणि त्या चार बोटांनी मला चारी मुंड्या चीत केलं.

आता हाड जुळलंय. चौदा डिसेंबरला पुण्यात निवड चाचणी आहे, पहिल्या दोघी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. आईशी माझा करार झालाय. आई पतसंस्थेत कॅशियर आहे, तिला सगळं पक्कं लागतं. "निवड झाली तर पळ. न्हाय झाली तर ते खिळ्याचे बूट माळ्यावर आन तू बी.कॉम.च्या पुस्तकात. मला परत दवाखान्याच्या बाकड्यावर बसायचं न्हाय."

मी हो म्हणाले. हरणार कोण आहे इथं? आणि मी घाबरलेली वगैरे अजिबात नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण लोक फार विचारतात.

११ नोव्हेंबर

मॅडमना निवडणुकीच्या कामाला आजऱ्याला घातलंय. वर आमच्या मैदानावर प्रचारसभेचा मांडव पडलाय, आणि हर्डल्स ठेवतात त्या खोलीच्या दाराला स्टेज टेकवलंय. मांडववाल्याला विचारलं तर म्हणाला, "पावणं, निकाल लागला की काढतो." मी पावणं! त्या मैदानावर मी शाळेत असल्यापासून घाम गाळतेय.

घरी येऊन आदळआपट केली. पप्पा चहा पीत होते. म्हणाले, "एवढंच न्हवं? हर्डल म्हंजे काय, फ्रेमच की. मी करून देतो."

पप्पांचं फ्लेक्सचं दुकान आहे. कोल्हापुरात माणूस दहावी पास झाला, त्यानं बुलेट घेतली, त्याची म्हैस पहिली आली, की चौकात फ्लेक्स लागतो. माणूस गेला तरी लागतो, फक्त त्यात गॉगल नसतो. त्यामुळं आमच्याकडं फ्रेमांना तोटा नाही. उतरवलेल्या फ्लेक्सच्या फ्रेमा दुकानामागं रचून ठेवलेल्या असतात.

मी पप्पांना तीनतीनदा सांगितलं, पावणेतीन फूट. म्हणाले, "माप मला शिकवू नगंस."

१४ नोव्हेंबर

हर्डल्स आली! दहाच्या दहा. पाय लागला तर मागं पडावीत म्हणून पप्पांनी खाली बिजागऱ्या लावल्यात. वरच्या पट्टीला जुन्या गादीचा फोम गुंडाळलाय. आणि समोर जुने फ्लेक्स तसेच ठेवलेत, कारण काढायचा कंटाळा. म्हणजे मी एका भावी आमदारावरून, दोन वाढदिवसांवरून, एका गृहप्रवेशावरून आणि "आमच्या येथे अस्सल तांबडा-पांढरा मिळेल" वरून उडते.

जागा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मिळाली, पप्पांच्या एका गिऱ्हाइकाचा मोकळा प्लॉट. नाव पंचतारांकित, प्यायचं पाणी घरून न्यावं लागतं.

पहिल्या फेरीत दहाच्या दहा साफ. पायसुद्धा लागला नाही! मला रडू येईल असं वाटलं, पण शेजारी ट्रकवाले जेवत होते. दोन हर्डलमध्ये तीन पावलं पडायला हवीत, ती मोजून तीन पडली. मॅडम म्हणतात तेच खरं, डोक्यातली भीती गेली की उंची जाणवत नाही.

पप्पांनी मात्र काही बघितलं नाही. मी पळायला उभी राहिले की त्यांना गाडीच्या चाकातली हवा तपासायची आठवण होते. पाठ करून बसतात. बाप म्हणून जरा तरी कौतुक?

१६ नोव्हेंबर, रविवार

आज गल्लीतला सम्राटदादा आला. भावी नगरसेवक. गेल्या दोन निवडणुका भावीच आहे. चौथ्या हर्डलसमोर येऊन थबकला.

"इंगवलेकाका, ह्यो मी हाय की!"

"व्हय. गेल्या सालचा वाढदिवस," पप्पा म्हणाले.

"आन पोरगी माझ्या तोंडावरनं उडतीया?"

"तोंडावरनं न्हाय, डोक्यावरनं," मी म्हणाले.

त्यानं गॉगल काढला, विचार केला, परत घातला. "मग चौथ्या नंबरला का लावलाय? पयल्याला लावा. लोकांनी फोटो काढलं तर म्होरं मी दिसाय पायजे."

लावला पहिल्याला. आता सुरुवातीच्या रेघेवर बसलं की समोरून सम्राटदादा हात जोडून बघत असतो. उडायला आणखी कारण लागत नाही.

जाताना म्हणाला, "लई बसकं वाटतंय ओ हे. टीव्हीवर उंच असतंय."

पप्पा एकदम तडकले. "टीव्हीवर सगळंच मोठं दिसतंय. तू पण दिसतोस."

पप्पा गिऱ्हाइकाशी असं कधी बोलत नाहीत. उन्हानं असेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

मॅडमचा व्हिडिओ कॉल. मागं मतदान यंत्रांच्या पेट्या आणि चेहऱ्यावर वैताग. माझे व्हिडिओ बघून म्हणाल्या, पावलांची लय सुरेख लागलीय, पण कॅमेरा बाजूनं धरायला सांग, समोरून मला काही कळत नाही. मी पप्पांना सांगितलं. ते समोरूनच धरतात. म्हणे चेहरा दिसला पाहिजे. फ्लेक्सवाल्याची सवय, जाणार कशी! बरं, धरतात तेही धड नाही. मी पहिल्या हर्डलजवळ आले की कॅमेरा वर जातो. निम्म्या व्हिडिओंत नुसतं आभाळ आणि एकात घार.

मॅडमना हर्डलला टेप लावलेला फोटोही हवा होता. पप्पांनी काढून पाठवला. आकड्यावर नेमका त्यांचा अंगठा. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, असू दे, बाबांनी मोजलंय ना.

३० नोव्हेंबर, रविवार

मी सध्या भयंकर फॉर्मात आहे. नम्रतेला फोनवरची डायरी आहे, इथं खरं लिहिते. पुण्यातल्या पोरींची मला कीव येते.

घरात काहीतरी शिजतंय. आज मटण होतं आणि पप्पांनी रस्सा दुसऱ्यांदा घेतला नाही. हे आमच्या घरात ताप आल्याशिवाय घडत नाही. आई त्यांच्याकडं बघून हळूच म्हणाली, "सांगा की तिला." पप्पा म्हणाले, "सांगतो, सांगतो." मी विचारलं काय, तर आई म्हणाली, "काय न्हाय, गप जेव."

मला कळलं. नवीन स्पाइक्स, म्हणजे खिळ्याचे बूट, आणलेत. पुण्याला निघायच्या दिवशी देणार असतील. मी काही न कळल्यासारखा चेहरा केला. मला तो चांगला जमतो.

७ डिसेंबर, रविवार

स्पाइक्स नाहीत. कसलंच काही नाही. उलट पप्पांनी आज माझ्या पोटात लाथ घातली.

झालं असं की सम्राटदादा दुकानात आला. त्याला फ्लेक्स हवा होता, आधीच छापून तयार. "आमच्या गल्लीची वाघीण अवनीताई इंगवले हिची राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." खाली शुभेच्छुक म्हणून तो, माझ्या तिप्पट मोठा. म्हणाला, निकाल लागला की तासाभरात चौकात पाहिजे, दुसऱ्या कुणी लावायच्या आत.

आणि पप्पा म्हणाले, "मी छापणार न्हाय."

ज्या माणसानं पडलेल्या उमेदवारांचे विजयी फ्लेक्स आदल्या रात्री छापलेत, त्यानं! सम्राटदादा बघतच राहिला. मीही.

तो गेल्यावर पप्पा मला म्हणाले, "अवनी, यंदा राहू दे काय? खांदा पुरता भरू दे. फुडच्या साली बघू."

"फुडच्या साली मी बी.कॉम.च्या पुस्तकात असणार हाय. करार म्हाईत हाय न्हवं तुमास्नी?"

"आईला मी समजावतो."

"मी एकदा तरी पाडलं का ओ हर्डल? एक तरी?"

ते ब्लेडनं टेबलावरचा चिकटपट्टीचा डाग खरवडत बसले. सगळ्या गल्लीचा माझ्यावर भरवसा आहे आणि बापाचा नाही. सम्राटदादासारख्या माणसाला जे कळतं ते माझ्या बापाला कळू नये, याचं खरोखर वाईट वाटलं. जेवले नाही. नंतर जेवले, पण बोलले नाही.

१४ डिसेंबर, दुपार, पुणे

हीट झाली, म्हणजे पहिली फेरी. रागानं पेन कागदात रुततंय.

इथली हर्डल्स चुकीची लावली होती. पहिल्याला गुडघा आपटला, दुसऱ्याला मागचा पाय, पुढं तीनऐवजी चार पावलं टाकत कशीबशी टोकाला पोचले. फायनलला शेवटची म्हणून घेतलीय, तीही एक मुलगी बाद झाली म्हणून.

मी तरातरा पंचांकडं गेले आणि म्हणाले, मुलांच्या शर्यतीची उंची तशीच राहिलीय, बघा. म्हातारे पंच होते. त्यांनी बिचाऱ्यांनी शांतपणे टेप मागवली, सगळ्यांसमोर मोजलं आणि म्हणाले, "बाळ, बरोबर आहे गं. पावणेतीन." सांगलीची एक मुलगी पाणी पीत होती, ती हसता हसता ठसकली. मॅडम रजा काढून आल्यात, त्या हसल्या नाहीत. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. कठड्याजवळ उभ्या पप्पांकडं बघत होत्या.

आता पप्पा कुठं दिसत नाहीत. इथली टेप चुकीची असेल.

१५ डिसेंबर, सोमवार

घरी. आज कॉलेजला दांडी. सगळं ओळीनं लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

काल पुण्यात वही बंद केली तर समोर पप्पा. चपला हातात. का काढल्या होत्या ते त्यांनाच माहीत. मॅडमही आल्या. पप्पा म्हणाले, "अवनी, आपली अडीच हायती."

मला कळेना. "काय अडीच?"

"हर्डल. पावणेतीनलाच कापाय बसलोतो. पट्टी लावली, पेन्सिलनं खूण केली. आन तुझी हनुवटी दिसली, त्या दिवशीची. मग खूण चार बोटं खाली केली."

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. पुण्याच्या लोकांना फार समजलं नसावं, पण सुरातून अंदाज आला असेल. एवढं आठवतं, की "तुमची माया घाला चुलीत" असं म्हणाले आणि त्यांनी मान हलवली. म्हणाले, "सांगनार होतो. रोज सांगनार होतो. तू उडून आलीस की हसत हुतीस."

मॅडम त्यांना एक शब्द बोलल्या नाहीत. मला मात्र विचारलं, "आणि तुझ्या पायांना कळलं नाही?"

मी बुटाच्या नाड्या परत बांधायला घेतल्या.

फायनलला तासभर होता. मॅडम मला सरावाच्या मैदानावर घेऊन गेल्या, एक हर्डल लावलं आणि म्हणाल्या, चल. मी धावले आणि हर्डलसमोर थांबले. पायच थांबले. परत धावले, परत थांबले. ते पांढरं लाकूड माझ्या छातीशी आलंय असं वाटत होतं. दोन्ही वेळा पप्पा पाठ करून उभे होते. गाडी नव्हती तिथं, तरी पाठ केलीच.

माझं डोकं फिरलं. "हिकडं या. हर्डलजवळ हुबं रावा. तोंड फिरवायचं न्हाय."

आले. अगदी खांबाजवळ उभे राहिले. घामानं शर्ट भिजला होता. हळू आवाजात म्हणाले, "भ्या वाटतंय?"

"व्हय," मी म्हणाले. चार महिन्यांत पहिल्यांदा.

"मला बी," पप्पा म्हणाले.

मग मी परत मागं गेले, धावले आणि उडाले. गुडघा खरचटला, पण पलीकडं पायावर उतरले. पप्पांचे डोळे उघडे होते, मी बघितलं. उडताना बाजूला बघायचं नसतं, मॅडम त्यावरून ओरडल्या.

फायनलला तिसरी आले.

थोडक्यात हुकलं वगैरे नाही, दुसरी माझ्यापुढं चांगली हातभर होती. पहिली ती सांगलीचीच, ठसकलेली. पहिल्या हर्डलला माझी टाच लागली, ते डगमगलं आणि उभं राहिलं. पुढची नऊ मी कशी गेले ते मला आठवत नाही. फक्त तीन पावलं, उडी, तीन पावलं, उडी, आणि कानात स्वतःचाच श्वास. मॅडमनी पाठीवर एक रट्टा दिला आणि म्हणाल्या, ही खरी पहिली शर्यत तुझी. हे छान वाटलं, पण राष्ट्रीयला दोघीच जातात, आणि करार तो करार.

परत येताना गाडीत कऱ्हाडपर्यंत पप्पांनी गाणीसुद्धा लावली नाहीत. मी मॅडमच्या प्रश्नाचा विचार करत होते. आमच्या घरात आणि दुकानात मिळून टेपा सात-आठ तरी असतील. माझ्या दप्तरातही एक आहे. महिनाभर मी त्या हर्डल्सवरून रोज उडाले, फोमसुद्धा पायाला लागला नाही, आणि मला एकदाही टेप लावावीशी वाटली नाही. ऑगस्टपर्यंत ज्या अडीच फुटांवर मी वाढले ते माझ्या पायांना ओळखता आलं नाही, असं म्हणायला मी काही एवढी माठ नाही.

कऱ्हाड गेल्यावर मी म्हणाले, "पप्पा, मला पण कळलंतं बहुतेक."

"कवा?"

"पयल्याच दिवशी."

त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. मला वाटलं रडतायत. हसत होते. मग दोन्ही झालं. मीही तेच केलं. मागून एका ट्रकवाल्यानं हॉर्न मारून आम्हा दोघांची अक्कल काढली, तेव्हा निघालो.

घरी आलो तर आई भाकऱ्या करत होती. मी पिशवीतून स्पाइक्स काढून तिच्यासमोर ठेवले. भांडायचं त्राण नव्हतं आणि तोंडही नव्हतं. म्हणाले, "तिसरी आलो. ठेव माळ्यावर."

आई काही बोलायच्या आत पप्पा मधे पडले. "थांब. करार माझ्यामुळं मोडलाय, तिच्यामुळं न्हाय. आदी ऐक." आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. पहिलं हर्डल, टाच कशी लागली, ते कसं हललं, मी कशी हलले नाही. मग दुसरं. मग तिसरं. दहाच्या दहा. पाचव्याला सांगलीची माझ्या किती पुढं होती, सातव्याला मी कशी जवळ आले, नवव्याला माझा हात कसा वाकडा गेला. मला स्वतःला यातलं काही माहीत नव्हतं. दाखवायला म्हणून पप्पांनी स्वयंपाकघरात पाय उचलला आणि परातीतलं पीठ सांडलं. साताऱ्यानंतर कालपर्यंत या माणसानं मला एकदाही पळताना बघितलं नव्हतं, आणि आता ते एक पाऊलसुद्धा विसरायला तयार नव्हते.

आईनं तवा उतरवला. सांडलेलं पीठ हातानं गोळा करत राहिली. नंतर माझ्याकडं न बघताच म्हणाली, "मी बघितलंय."

"कुठं?"

"मोबाइलवर. दावत हुते की. पयलं हर्डल आलं आन मी डोळं झाकलं. उघडलं तवा तू पळतच हुतीस."

पप्पा उरलेलं पीठ गोळा करायला खाली वाकले. मीही. आईनं स्पाइक्स उचलले, पीठ लागलेल्या हातानंच, आणि दाराजवळ आमच्या सगळ्यांच्या चपला असतात तिथं नेऊन ठेवले.

"फुडच्या टायमाला मी बी येनार," ती म्हणाली. "हितं बसून लई लांब वाटतंय." मग पप्पांना म्हणाली, सरका बाजूला, भाकरी करपतीया.